सतरा, चाळीस, नऊ, बासष्ट

आमच्या गावात बहिरा माणूस नाही. म्हणजे कागदोपत्री नाही. प्रत्यक्षात कागद गिरणीच्या वाळवणी खात्यात वीस वर्षं काढलेल्या कुठल्याही माणसाला मागून हाक मारून बघा. तो वळला, तर तुम्ही सांगाल ती पैज हरायला मी तयार आहे.

गाव तरी कसलं म्हणा! डोंगरातून येणारा एकुलता रस्ता गिरणीच्या फाटकाशी संपतो, तिथेच गावही संपतं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, रस्त्यावरचे दिवे कंपनीचे. नदी तेवढी कंपनीची नाही, पण तिचा रंग कंपनीनेच ठरवलेला. सडक्या अंड्यांसारखा एक वास बारा महिने असतो. नवीन माणूस आठ दिवस नाकाला रुमाल लावून फिरतो आणि नवव्या दिवशी विचारतो, ‘कसला वास?’ अशा ठिकाणी मी बावीस वर्षं कंपाउंडर आहे. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलतात, मी बदलत नाही, म्हणून लोक मलाच डॉक्टर म्हणतात. अर्ध्या चेष्टेने, अर्ध्या नाइलाजाने.

मशीनवरच्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा तपासणी होते. डोळे, छाती, रक्तदाब आणि शेवटी कान. कान तपासायचं एक यंत्र फार पूर्वी आलं होतं. ते चौथ्या दिवशी बंद पडलं. अजून कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेलं आहे, मी त्यावर कापसाचे गठ्ठे ठेवतो. यंत्र नाही म्हणून तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी साधा उपाय काढला. माणसाने भिंतीकडे तोंड करून एक कान बोटाने बंद करायचा, कंपाउंडरने सहा पावलं मागे उभं राहून हळू आवाजात आकडे बोलायचे आणि माणसाने ते मोठ्याने परत म्हणायचे. आकडेही त्यांनीच एका चिठ्ठीवर लिहून दिले. सतरा, चाळीस, नऊ, बासष्ट, अकरा. उजव्या कानाला सुलट, डाव्या कानाला उलट. फॉर्मवर आकडे लिहायचे नाहीत, नुसती बरोबर-चूकची खूण करायची.

रोज नवे आकडे घ्यायला पाहिजे होते, हे मला कळत होतं. पण पहिल्या वर्षी आळसाने तेच चालवले. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की बॉयलरवरचा एक म्हातारा मी तोंड उघडायच्या आधीच ‘सतरा’ म्हणून मोकळा झाला. मी खोकल्यासारखं केलं आणि बरोबरची खूण केली. त्याला घरी पाच तोंडं होती, आणि कान गेला म्हणून नोकरी गेली तर तो या डोंगरातून जाणार कुठे? त्यानंतर मी आकडे बदललेच नाहीत. हळूहळू ते आख्ख्या गावाला पाठ झाले. पोरं खेळताना राज्य कोणावर हे ठरवायलासुद्धा ‘सतरा, चाळीस, नऊ, बासष्ट’ म्हणत बोटं मोजायची. गंमत म्हणजे ही माझी मेहेरबानी आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळ्यांना वाटायचं, हे आकडे कंपनीचे आहेत. वरून छापून येत असतील, घरांच्या नंबरांसारखे. मीही कधी खुलासा केला नाही. फुकटचं श्रेय घ्यायला लोक धडपडतात, मी फुकटचं पाप लपवत होतो.

मग गेल्या वर्षी गवई गेला. त्याला गवई म्हणायचे कारण तो मशीनवर काम करताना सतत गायचा, भसाड्या आवाजात, स्वतःलाच ऐकू जात नसल्यामुळे बिनधास्त. मोठा रोलर सुरू करण्याआधी तीनदा घंटा वाजते. घंटा झाली की सगळ्यांनी हात काढून मागे व्हायचं. गवई फडक्याने रोलर पुसत होता आणि गात होता. घंटा तीनदा वाजली. चौथ्या दिवशी आमच्या दवाखान्यातच त्याने प्राण सोडला. तीनच महिन्यांपूर्वीच्या त्याच्या फॉर्मवर माझ्या हाताने दहापैकी दहा खुणा बरोबरच्या होत्या. त्या फॉर्मकडे मी किती वेळ बघत बसलो होतो, ते मलाच माहीत.

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच रोलरवर होते.

ताई एका सकाळी दवाखान्यात आली. पाय मुरगळल्याचं निमित्त काढून आली होती. रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग दार लोटून म्हणाली, “पायाला काही झालेलं नाही. ह्यांची तपासणी कधी आहे?”

“सोमवारी. का?”

“ह्यांना ऐकू येत नाही.”

“कोणाला येतं?” मी म्हणालो.

“थट्टा करू नकोस. परवा पाठीमागे मुद्दाम पातेलं टाकून बघितलं. मोठ्ठं पातेलं. मान वळली नाही. हाक मारते, ओ नाही. विचारते, उत्तर नाही. आधी वाटायचं, रागावलेत. पण माणूस चार-चार वर्षं रागावतो का?” तिने पदराने नाक पुसलं. “गवयाच्या बायकोला मीच आंघोळ घातली रे त्या दिवशी. भोंगा झाला की मी दारात जाऊन उभी राहते. ह्या वर्षी तू ह्यांना पास करू नकोस.”

मी म्हणालो, “मशीनवरून काढतील.”

“काढू देत. वजनकाट्यावर बसवतील, नाहीतर फाटकावर. त्या पाणी खात्यातल्या लंगड्याला नाही बसवलं? घर राहतं, माणूस राहतो. आणखी काय हवं?” आणि जाता जाता दाराशी थांबून म्हणाली, “ह्यांना कळता कामा नये, मी सांगितलं म्हणून. जन्मात माझं तोंड बघायचे नाहीत.”

तिचं म्हणणं मला पटलं. खरं सांगायचं तर पटण्याची मला गरजच होती. गवयाच्या वेळी जे करायला हवं होतं ते निदान घरच्या माणसाच्या बाबतीत करावं, म्हणजे रात्री जरा डोळा लागेल, असा माझा हिशोब.

सोमवारी नव्या डॉक्टरबाई स्वतः हजर होत्या. गवयाचं प्रकरण वरपर्यंत गेल्यामुळे त्यांना सक्त सूचना होती. वयाने लहान, कामाला चोख, वासामुळे अजून नाकाशी रुमाल. त्या पलीकडच्या टेबलाशी फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. मी काय पुटपुटतो ते तिथवर पोचत नव्हतं, गिरणीची घरघर दवाखान्याच्या भिंतींतही भरलेली असते. उत्तरं तेवढी कानावर पडत होती, पण त्यांचं लक्ष सगळं फॉर्मवरच्या खुणांकडे होतं. पहिले अकरा जण सतरा-चाळीस करत सुटले. एकालाही अडखळायला झालं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “इथल्या लोकांचे कान फारच छान आहेत.” मी फडताळ आवरायला घेतलं.

बारावे भाऊजी. आत येताना माझ्याकडे बघून त्यांनी एक भुवई उचलली. ‘काय मेव्हणे, चाललंय ना?’ असं विचारायची ती त्यांची पद्धत. बोलायचे कमीच. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, डाव्या कानात बोट घातलं. मानेमागे घामाने कागदाची पांढरी भुकटी चिकटलेली होती, ती मला दिसत होती.

मी नेहमीच्याच आवाजात म्हणालो, “तेवीस.”

त्यांची मान किंचित हलली. क्षणभर थांबले. मग खणखणीत म्हणाले, “सतरा.”

“पन्नास.”

“चाळीस.”

“सहा.”

“नऊ.”

असे दहाच्या दहा. मी दहा वेळा चूक अशी खूण केली. मनात कुठेतरी हायसं वाटत होतं. ताईचं खरं होतं. हा माणूस भिंतीसारखा बहिरा होता आणि त्या रोलरपाशी रोज आठ तास उभा राहत होता.

भाऊजी सदरा घालून बाहेर गेले. डॉक्टरबाईंनी फॉर्म बघितला आणि चमकल्या. “दहाच्या दहा चूक? पुन्हा बोलवू या का?”

आणि इथे मी नको ते वाक्य बोललो. “बाई, माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत ते. घरीसुद्धा काही ऐकू येत नाही त्यांना.”

त्यांनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं. स्वतःच्या माणसाविरुद्ध कोण खोटं सांगेल? त्यांनी सही केली.

नवव्या दिवशी नोटीस आली. वजनकाटा, फाटक, गोदाम, ही सगळी कामं सहा महिन्यांपूर्वीच बाहेरच्या ठेकेदाराकडे गेली होती. कंपनीकडे अयोग्य माणसाला द्यायला काम उरलं नव्हतं. अयोग्य म्हणजे नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे साठ दिवसांत घर खाली. अठ्ठावीस वर्षं ज्या दोन खोल्यांत संसार केला, मुलगी वाढवली, लग्न करून पाठवली, त्या खोल्यांची किल्ली जमा करायची. ही बातमी मला कळायला हवी होती. ठेकेदाराची माणसं रोज माझ्याकडून पट्ट्या बांधून घेत होती, मी कधी विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही कोणाच्या जागेवर आलात.

त्याच दिवशी दुपारी भाऊजी दवाखान्यात आले. मी मोरीशी बाटल्या विसळत होतो. आरशात ते दिसले, हातात नोटीस होती. माझं वळून बघायचं धाडस होईना. नळ चालू होता. मी स्वतःशीच, अगदी ओठांतल्या ओठांत म्हणालो, “आता काय करू मी?”

“आता काय करणार?” मागून भाऊजी म्हणाले. “बस.”

बाटली हातातून सुटली आणि मोरीत फुटली. मी वळलो.

“तुम्हाला ऐकू आलं?”

“न यायला काय झालं? उजवा कान थोडा गेलाय. डावा चांगला आहे.”

“मग सोमवारी? मी तेवीस म्हणालो ना!”

“म्हणालास. ऐकलं की मी.” ते बाकावर बसले, नोटिशीची घडी घातली, उलगडली, परत घातली. “मला वाटलं, बाई समोर उभ्या म्हणून तू गडबडलास. त्यांच्या हातात कागद. कंपनीचे आकडे त्यांच्यापुढे लिहिलेले असणार. तू चुकीचं बोललास आणि मी तेच म्हटलं, तर त्यांच्या लक्षात येणार की कंपाउंडर भलतंच बोलतोय. उगाच तुझ्यावर बालंट. म्हणून मी आपले बरोबरचे आकडे म्हणत गेलो. म्हटलं, निभावून नेऊ.” मग जरा थांबून, “त्या कागदावर आकडे नव्हते का?”

“नव्हते,” मी म्हणालो. “आकडे माझे होते.”

त्यांना ते कळायला बराच वेळ लागला. मी सगळं सांगितलं. म्हातारे डॉक्टर, चिठ्ठी, आळस, बॉयलरवरचा म्हातारा, गवई. ताई येऊन पास करू नकोस म्हणाली आणि मी आकडे मुद्दाम बदलले, एवढं सोडलं. ते ऐकत होते. आता मला दिसत होतं की हा माणूस किती नीट ऐकतो.

“पण घरी?” मी विचारलं. “ताई हाका मारते, तुम्ही ओ देत नाही म्हणे. पातेलं टाकलं तरी वळला नाहीत.”

त्यांना हसू आलं. “ती मुद्दाम टाकते रे. वळलो की विचारणार, लक्ष कुठे आहे तुमचं. आठ तास तो आवाज अंगात भरून घ्यायचा आणि घरी यायचं. तिथे कोणी एक प्रश्न विचारला, त्याला उत्तर दिलं, की दुसरा येतो. उत्तर नाही दिलं की ती थोड्या वेळाने गप्प होते. मग घर शांत असतं. स्वयंपाकघरात तिचं काहीतरी चाललेलं असतं, ते ऐकत पडून राहायला बरं वाटतं.” जरा वरमून म्हणाले, “चुकलंच म्हणा.”

“मी आत्ता जातो डॉक्टरबाईंकडे. सगळं सांगतो.”

“काय सांगशील? बावीस वर्षं एकच पाढा चालू आहे म्हणून? उद्या त्या नवीन आकडे घेऊन सगळ्यांना उभं करतील. आमच्या खात्यातले चाळीस. त्यातले किती राहतील?”

मी मनातल्या मनात मोजायला लागलो. तोतऱ्या, दोघे जुळे भाऊ, फिटर, पहिलवान. सातच्या पुढे मला कोणी आठवेना, ज्याला खरोखर ऐकू येतं.

“तेहतीस घरं,” भाऊजी म्हणाले. त्यांनीही मोजलं होतं. “माझ्या एका घरापायी तेहतीस घरं रस्त्यावर आणायची? मला नाही जमणार. तुला जमेल?”

जमायला हवं होतं. त्या तेहतिसांतल्या प्रत्येकासमोर तो रोलर होता आणि ती घंटा होती, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरीही मी नाही म्हणालो. मी भित्रा माणूस आहे, आणि माझ्या भित्रेपणाला आजवर दयाळूपणा म्हणून खपवत आलो आहे. एवढंच केलं की पुढच्या वर्षापासून मशीनवर घंटेबरोबर लाल दिवा लावावा, असा एक अर्ज डॉक्टरबाईंच्या सहीने पाठवला. त्याचं अजून उत्तर नाही.

उठताना भाऊजी म्हणाले, “पण तू चुकलास कसा? बावीस वर्षांत कधी चुकला नाहीस.”

“बाई समोर होत्या,” मी म्हणालो. “गडबडलो.”

“तेच म्हटलं मी,” ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

साठ दिवस कसे गेले कळलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आवराआवरीला गेलो. मुलीच्या घरी जायचं होतं, दूर शहरात. तिथे दोन खोल्या, जावई, दोन पोरं, जावयाची आई. कुठे निजणार, हे कोणी विचारत नव्हतं. भिंतीवरचे फोटो काढल्यामुळे रंगाचे चौकोन उघडे पडले होते. ताई जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती. आमच्या गावात दुसरं काही नसलं तरी गुंडाळायला कागद भरपूर. भाऊजी दारातल्या उजेडात आमच्याकडे पाठ करून पलंग सोडवत होते. पलंगाचे चार पाय त्यांनी दोरीने एकत्र बांधायला घेतले होते.

मी ताईशेजारी बसलो आणि कप गुंडाळायला लागलो. दोन-तीन कप झाले असतील. ताई साध्या आवाजात, जशी ती आयुष्यभर माझ्याशी बोलत आली तशी म्हणाली, “बरं झालं मी त्या दिवशी तुझ्याकडे आले.”

मी कप खाली ठेवला. “ताई, नंतर बोलू.”

“नंतर कधी? उद्या गाडी आहे.”

“ताई, ते आहेत तिथे.”

“असू देत. ह्यांना कुठे ऐकू येतंय!” ती म्हणाली. “घर गेल्याचं वाईट वाटतंच रे. रोज रडते मी. वाटलं नव्हतं असं हाकलतील. पण मी तुला सांगितलं नसतं, पास करू नकोस म्हणून, तर एक दिवस ह्यांनाही गवयासारखं फडक्यात गुंडाळून आणलं असतंत तुम्ही. माझ्यामुळे घर गेलं, पण माणूस हातीपायी धड आहे. आहे ना? बरोबर केलं ना मी?”

दारातले हात थांबले. दोरीची गाठ अर्धी मारलेली होती. मी त्या हातांकडे बघत होतो आणि देवाची आठवण न काढणारा माणूस असूनही मनात म्हणत होतो, आज खरंच याचे कान जाऊ देत.

“सांग की,” ताई म्हणाली.

“बरोबर केलंस,” मी म्हणालो. “ठार बहिरे झाले होते.”

तिने मोठा श्वास सोडला. गेल्या साठ दिवसांत तिचा चेहरा मी इतका मोकळा बघितला नव्हता. डोळे पुसून ती उठली, चूल अजून बांधलेली नव्हती म्हणून चहाचं भांडं उचललं आणि दाराकडे तोंड करून घसा फाटेल अशी ओरडली, “अहो! चहा टाकू का?”

भाऊजींनी गाठ पुरी केली. मग सावकाश वळले. चेहरा राखेसारखा पडला होता. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. हाताचा पंजा वाकवून डाव्या कानामागे धरला, चांगल्या कानामागे.

“काय म्हणतेस?” ते बहिरा माणूस बोलतो तसं उगाच मोठ्याने म्हणाले. “काही ऐकू येत नाही गं. जवळ येऊन सांग.”

ताई भांडं घेऊन त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या कानाशी वाकली आणि पुन्हा विचारलं.